आठ सेकंदांची शिफ्ट

मित्रांनो, मी एक जुना, काळा, कडेला थोडासा झिजलेला कीबोर्ड आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी हळुवार बोलावं, मध्येच गहिवरावं, अशी रीत आहे म्हणे. मला ते जमणार नाही. माझ्यावर जो आळ आला तो तुमच्यावर आला असता, तर तुम्हीही गहिवरला नसता. चांगले कडाकडा भांडला असता.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटावरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी कधीच झिजून गेली. मला आठवतो तो एक मोठा कारखाना, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आणि माझ्यासारखी शेकडो भावंडं. आम्हा प्रत्येकाच्या अंगावर शंभराच्या वर बटणं बसवली आणि प्रत्येक बटणाखाली रबराची एक इवलीशी वाटी ठेवली. दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर यायचं आणि दाबलेलं अक्षर इमानाने पुढे पोचवायचं, एवढंच आम्हाला शिकवलं. मी ते आजवर चुकवलेलं नाही. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे मलाच चोर ठरवणार आहेत.

माझी पहिली नोकरी बोईसरच्या बाजूला, कुंभवलीजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती. माल बाहेर पाठवण्याचं काम बन्सी नावाचा कारकून बघायचा. दिवसभर ट्रकचे नंबर, पिंपांचे आकडे, गेटपास. बन्सीची बोटं जाड होती आणि तो तंबाखू मळून झाल्यावर हात न पुसताच माझ्यावर यायचा, पण माणूस दिलदार होता. कुणी नवीन आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "इसके बटन तो मक्खन हैं, मक्खन!" सहा वर्षं मी त्या कौतुकावर काढली. मग ऑफिसात नवे कंप्युटर आले आणि आम्हा जुन्यांची रवानगी ठरली. त्याच कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या विक्रमने साहेबांना विचारून आमचा एक संच घरी न्यायला मागितला. गोधडीत गुंडाळून, टेंपोत घालून त्याने आम्हाला समुद्रकाठच्या सातपाटीला आणलं.

सातपाटीचं घर म्हणजे तीन माणसं. विक्रम, त्याची बायको अर्चना आणि त्याची आई नर्मदा. नर्मदाआई रोज सकाळी बंदरावरून मासळी घेऊन पालघरच्या बाजाराला जायची आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन परतायची. विक्रम बोईसरला, कधी पहिल्या शिफ्टला, कधी दुसऱ्या. अर्चना जवळच्याच घिवली गावची. बारावी झालेली, हुशार. लग्नानंतर ती बोंबील निवडत होती, वाळत घालत होती, घर सांभाळत होती आणि ह्या सगळ्यात स्वतःचं असं काहीतरी करावं म्हणून धडपडत होती. मी घरात आल्याबरोबर तिने बोईसरहून मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आणल्या आणि एकेक करून माझ्या बटणांवर बसवल्या. 'ळ' जरा तिरका बसला. मला तो आवडायचा.

त्याच सुमारास जवळच्या एका मच्छीमार संस्थेत कारकुनाची जागा निघाली. जागा एकच. आधीचे कारकून त्या खुर्चीत तीस वर्षं बसून निवृत्त झाले होते, म्हणजे पुढची संधी कधी येणार ते तुम्हीच ओळखा. शिवाय वयाच्या अटीत अर्चना जेमतेम बसत होती. अट एकच कठीण होती, मराठी टायपिंग, मिनिटाला तीस शब्द. तिने अर्ज भरला आणि रोज तीन तास माझ्यावर सराव सुरू केला. पंधरा, अठरा, बावीस, सत्तावीस. ती आकडे दाराच्या मागे खडूने लिहायची. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर धावत होतो.

आता एका त्रासाबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने मराठी लिहायचं तर शिफ्टचं बटण घडीघडी लागतं. जोडाक्षर आलं, शिफ्ट. अर्धं अक्षर आलं, शिफ्ट. अर्चनाला एक सवय होती. पुढचा शब्द वाचताना तिची करंगळी शिफ्टवर टकटक करायची. सलग पाच वेळा टकटक झाली की कंप्युटर 'टुंग' करायचा आणि पडद्यावर चौकट उभी करायचा. तुम्हाला अमुक सोय चालू करायची आहे का? हो की नाही? सगळं इंग्रजीत. हात पळत असताना असं कुणी मध्ये येऊन उभं राहिलं तर काय होईल? अर्चना दात-ओठ खाऊन कोपऱ्यातलं बटण दाबायची, चौकट जायची. दिवसातून दहा वेळा हे व्हायचं. त्या चौकटीत काय लिहिलंय ते तिने एकदाही वाचलं नाही. आणि पलंगावर पाय चोळत बसलेली नर्मदाआई हे रोज बघायची. तिच्या डोक्यात इतकंच बसलं, की टुंग झालं आणि चौकोन आला, की पटकन काहीतरी दाबून तो घालवायचा.

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. दुपारची वेळ. अर्चना वाळत घातलेले बोंबील परतायला, म्हणजे उलटून टाकायला, समुद्राकडे गेली होती. नर्मदाआई बाजारातून आली, हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. आजवर ती कधी माझ्याजवळ आली नव्हती. तिने मला डोळे बारीक करून निरखलं.

"टिकशील ना रे परीक्षेपर्यंत?" ती मलाच म्हणाली. "पोरीनं लई जीव लावलाय."

आता मासळी विकणारी बाई एखाद्या वस्तूची पारख कशी करणार? जशी पापलेटची करते तशीच. पापलेट ताजं आहे का ते बघायला ती अंगठा त्याच्या अंगात दाबते, जरा वेळ तसाच ठेवते आणि मग सोडते. खळगा भरून आला तर मासळी ताजी. तसाच राहिला तर शिळी. तिने माझ्या अंगावरचं सगळ्यात रुंद, हाताशी असलेलं बटण हेरलं, ते नेमकं उजव्या हाताचं शिफ्ट, आणि त्यावर अंगठा रोवला. माझ्या आयुष्यात इतक्या मायेने मला कुणी दाबलं नव्हतं, हेही खरं. पण ती सोडेना. एक, दोन, तीन, चार. मी मनात ओरडत होतो, आई, सोड! पाच, सहा, सात. आठव्या सेकंदाला 'टुंग' झालं.

मित्रांनो, उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवलं की कंप्युटर वेगळीच चौकट काढतो. तो विचारतो, झटकन दाबलेली बटणं मी ह्यापुढे मोजू नयेत का? मी फक्त सावकाश, दाबून धरलेलीच अक्षरं घेऊ का? नर्मदाआईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. ती दचकली. सून करते तसं पटकन काहीतरी दाबायला हवं म्हणून तिने अंगठा उचलून लगेच वरच्या बटणावर ठेवला. उजव्या शिफ्टच्या डोक्यावर काय असतं? एंटर. आणि एंटर म्हणजे 'हो'.

चौकट गेली. नर्मदाआईने सुटकेचा श्वास सोडला, मला पदराने पुसलं आणि ती चूल पेटवायला गेली. झालं. माझ्या संसाराला आग लावून ती भाताला आधण ठेवायला गेली.

अर्चना आली, बसली, बोटं धावली आणि पडदा कोरा. पुन्हा धावली. कोरा. नुसती बारीक टिकटिक व्हायची, तीही कुणी मनावर घेतली नाही. तिची बोटं एकेका अक्षराला क्षणभरही थांबत नव्हती, तीच तर तिची कमाई होती, आणि कंप्युटर आता फक्त रेंगाळणाऱ्यांचंच ऐकत होता. मी प्रत्येक अक्षर पोचवत होतो. एकही गाळलं नाही. समोरचा दारातच सगळी परत पाठवत होता. आणि शिव्या कुणाला? मला!

"मेला हा कीबोर्ड!" अर्चना म्हणाली आणि तिने मला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आपटलं. ज्या 'ळ'ला मी इतके दिवस जपलं तो उडून पलंगाखाली गेला.

माझ्याजवळ सगळी अक्षरं आहेत. अ पासून ज्ञ पर्यंत, शिवाय इंग्रजी, शिवाय आकडे. पण स्वतःचं म्हणून एक वाक्य मला बोलता येत नाही. त्या क्षणी मला त्याचा जेवढा संताप आला तेवढा कधीच आला नव्हता. दोनच शब्द हवे होते, 'मी नाही'.

दुसऱ्या दिवशी विक्रमने निदान केलं की दर्यावरची खारी हवा आत शिरली असणार. त्याने मला दात घासायच्या ब्रशने घासलं, उलटं करून झटकलं आणि बोंबील टांगतात त्या बांबूंवर उन्हात वाळत घातलं. मी, गेटपासवर ज्याने सहा वर्षं राज्य केलं तो मी, दिवसभर बोंबलांच्या रांगेत लटकत होतो! एक कावळा येऊन माझ्या स्पेसबारवर चोच मारून गेला. संध्याकाळी मला पुन्हा जोडलं. पडदा कोरा. विक्रमने कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी कोरा. मग तो एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, दाबून धरत लिहायला लागला आणि एक 'क' उमटला. थोड्या वेळाने एक 'म'.

"येतंय की," तो म्हणाला. "कीबोर्ड बरा हाय. तुला परीक्षेची धास्ती बसलीय. तुजा हातच चालत नाय."

 अर्चना उठून मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं, माझ्यावरचा आळ गेला तर गेला, पण तो हिच्या बोटांवर जाऊन बसला. ज्या बोटांनी दाराच्या मागे सत्तावीस लिहिलं त्या बोटांवर!

तिसऱ्या दिवशी विक्रम मला पिशवीत घालून बोईसरला भावेशच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. भावेशने मला त्याच्या कंप्युटरला जोडलं आणि झरझर लिहून बघितलं. सगळी अक्षरं उमटली, एकूण एक! मला वाटलं, सुटलो. पण मित्रांनो, एकदा कुणाला खोटं ठरवायचं म्हटलं की पुरावाही त्याच्याच विरुद्ध जातो. भावेश म्हणाला, "इकडे चालतोय, तुमच्याकडे चालत नाय, म्हंजे आत कुटंतरी सुटलेला हाय. कधी लागतो, कधी नाय. जुना झाला. नवा घेऊन जा, नाय जमला तर परत आणा." ज्या कंप्युटरवर मी चालत नव्हतो तो काय करून बसलाय, हे बघायला पाहिजे, असं त्या शहाण्याच्या मनातही आलं नाही.

नवा कीबोर्ड घरी आला. चकचकीत, खाली निळा दिवा. मला पलंगाखाली फुटक्या आरशाबरोबर ठेवलं. अर्चना मोठ्या आशेने बसली आणि पडदा कोराच राहिला. खरं सांगतो, मला आनंद झाला. नंतर त्याची लाजही वाटली, कारण तिचा चेहरा मी खालून बघत होतो. "कंप्युटरच गेला," विक्रम म्हणाला आणि पाचव्या दिवशी सकाळी नवा कीबोर्ड परत करायला घेऊन पहिल्या शिफ्टला निघून गेला. टेबल रिकामं बघवेना म्हणून अर्चनाने मला पुन्हा वर ठेवलं आणि वायर जोडली. मग तिने ओला कपडा घेतला आणि दाराच्या मागचे आकडे पुसायला लागली.

"काय करतेस?" नर्मदाआईने विचारलं. ती त्या दिवशी बाजाराला गेलीच नव्हती.

"नाय जात मी परीक्षेला," अर्चना म्हणाली. "चार दिवस हातात काय नाय. हातच गेला असेल माझा."

आता त्या म्हातारीबद्दल सांगायला हवं. चार दिवस ती नीट जेवली नव्हती. मी तिच्यावर चिडलेलो होतो, पण बघत होतो. ताटातली मासळी ती नुसती उलटीपालटी करायची. विक्रमने मला वाळत घातलं तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहिली. 'तुजा हातच चालत नाय' असं तो म्हणाला तेव्हा तिचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. तिला वाटत होतं, आपल्या अंगठ्याने काहीतरी आतलं मोडलं आणि सुनेची खुर्ची गेली. हे कसं सांगायचं? घरात तिचा शब्द कुणी मोडत नाही. बाजारात तिच्या पारखीवर माणसं डोळे मिटून पापलेट घेतात. आणि ही तिची पारख!

ती उठून माझ्याजवळ आली. उभ्यानेच तिने एका बटणावर अंगठा ठेवला आणि धरून ठेवला. पडद्यावर 'न' उमटला.

"बघ. माज्या हाताला येतंय," ती म्हणाली.

"आई, आता तुमी पण?" अर्चनाचा आवाज चढला. "तुमच्या हाताला येतंय, विक्रमच्या हाताला येतंय, मीच एक नालायक हाय!"

"तू नालायक नाय," नर्मदाआई म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. "मी हाय. त्या दिशी तू बोंबील परतायला गेलीस ना, तवा मी दाबून बघितला ह्याला. टिकंल का नाय म्हणून. आवाज झाला, तुजा येतो तसा चौकोन आला. मी घाबरून घालवून टाकला. तवापासनं हा असा हाय. माज्या हातानं झालं, बाय."

 अर्चनाने कपडा खाली टाकला.

"चार दिवस!" ती म्हणाली. "चार दिवस तुमी बोलला नाय?"

"नाय बोलले," नर्मदाआई म्हणाली. तिने डोळे खाली घातले नाहीत. मला तिचा राग होता, पण तेवढं मी मानलं.

अर्चनाने खोल श्वास घेतला. रागातही तिचं डोकं चालतं. "कुठलं दाबलं? दाखवा. शिफ्ट?"

"शिफ्ट? विक्रमची?"

"ह्याची, आई. ह्याला पण शिफ्ट असते."

"आता मला काय ठावं? आमच्याकडं शिफ्ट म्हंजे पैली, दुसरी नि तिसरी. ह्याची कितीची असते?"

तिने जागा दाखवली आणि त्या दिवशी धरला होता तसाच अंगठा रोवून धरला. मी मनात मोजत होतो. आठ झाले. ह्या वेळी चौकट आली नाही, फक्त खालच्या पट्टीतला उतरता आवाज आला, कारण जे चालू झालेलं होतं ते त्याच बटणाने बंद होतं. अर्चनाने खुर्चीच्या मागूनच हात पुढे केले आणि एक ओळ लिहिली. ओळ उमटली! पूर्ण, एका दमात, मध्ये कुठे खळगा नाही. तिने आणखी एक लिहिली. मग ती रडायला लागली आणि रडता रडताच टाइप करत राहिली.

पुढे तिने जे केलं त्यासाठी मी तिला मानतो. तिने ते बटण स्वतः पुन्हा आठ सेकंद दाबलं, चौकट पुन्हा बोलावली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाचली. अडलेल्या शब्दांचे अर्थ मोबाइलवर बघत बघत वाचली. 'नाही' दाबलं. मग कंप्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन, सुलभतेच्या सोयी लिहिलेल्या पानावर, शिफ्टने आपोआप येणाऱ्या ह्या दोन्ही चौकटी कायमच्या बंद केल्या.

त्या पानावरूनच तिला कळलं की ही सोय काही उगाच केलेली नाही. ज्यांचा हात थरथरतो, बोट भलतीकडे पडतं, एक अक्षर दाबताना दोन लागतात, अशा माणसांना ती आधार आहे. त्यांच्यासाठी ती असलीच पाहिजे. माझा राग त्या सोयीवर नाही. माझा राग तिच्या येण्याच्या तऱ्हेवर आहे. ज्या घरात इंग्रजी कुणी वाचत नाही त्या घरात इंग्रजीत विचारायचं, आधी 'हो' पुढे करून ठेवायचं आणि एकदा 'हो' झालं की पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही! पडद्याच्या कोपऱ्यात एक मराठी ओळ लिहिली असती, 'बटणं सावकाश घेतोय, थांबवायचं तर असं करा', तर मी उन्हात लटकलो असतो का? आणि माझा राग तुमच्यावरही आहे. वाचायच्या आधी 'हो' म्हणायची तुम्हाला एवढी कसली घाई असते?

परीक्षेला चार दिवस राहिले होते. आम्ही दोघांनी ते चार दिवस रक्ताचं पाणी केलं. दारामागे तेहतीस लिहिलं गेलं. परीक्षेच्या दिवशी ती दही खाऊन निघाली आणि नर्मदाआई तिच्याबरोबर गेली. मी टेबलावर होतो. पुढचं सगळं त्या दोघींनी संध्याकाळी विक्रमला सांगितलं तेव्हा ऐकलेलं आहे.

तिथे एकच कंप्युटर होता आणि उमेदवार एकामागून एक आत जात होते. अर्चनाच्या आधी मेघाली नावाची मुलगी गेली. दहा मिनिटांनी ती पदराने तोंड झाकून बाहेर आली आणि कुणाशी न बोलता चालती झाली. अर्चना आत गेली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या हातातल्या कागदावर मेघालीच्या नावापुढे शून्य लिहिलेलं तिला दिसलं, आणि शेजारी शेरा, 'हात बसलेला नाही'. घंटा झाली. अर्चनाने लिहायला सुरुवात केली. पडदा कोरा.

तिला घाम फुटला नाही. तिने उजवं शिफ्ट दाबून आठ मोजले, उतरता आवाज ऐकला आणि धाव सुरू केली. वाया गेलेला वेळ धरूनही तिचे एकतीस शब्द भरले. साहेब म्हणाले, "छान. आजचा पहिला पास."

मित्रांनो, तिला तिथून उठून घरी येता आलं असतं. एकच खुर्ची होती. तीस वर्षांनी रिकामी झालेली. पण ती जागची हलली नाही.

"साहेब, माझ्या आधीच्या मुलीला शून्य का?"

"तिला येत नव्हतं."

"कंप्युटर घेत नव्हता. मीच आता तो सरळ केला. घंटेची वाट बघताना तिचं बोट शिफ्टवर राहिलं असणार, नि चौकट आल्यावर घाईत 'हो' दाबलं गेलं असणार."

"तुमचं झालंय ना? मग तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"तिची परीक्षा झालीच नाय, साहेब," अर्चना म्हणाली. "तुमी शून्य दिलंय ते कुणाला दिलंय?"

साहेबांना ते आवडलं नाही. मग तिने त्यांनाच खुर्चीत बसवलं, शिफ्ट आठ सेकंद दाबून चौकटीला 'हो' केलं आणि म्हणाली, आता तुमचं नाव लिहा. साहेबांनी झटझट चार वेळा लिहिलं. पडदा कोरा. शेजारी उभा असलेला शिपाई हसला आणि साहेब कानापर्यंत लाल झाले. "बोलवा तिला परत," ते म्हणाले.

एसटीच्या थांब्यावर मेघालीला गाठायला नर्मदाआई धावली. साठीच्या पुढची बाई, चप्पल हातात घेऊन! एसटी समोर येऊन लागलेली असताना तिने त्या मुलीचा हात धरला. मेघाली परत आली, बसली आणि तिने छत्तीस शब्द भरले.

खुर्ची मेघालीला मिळाली. अर्चनाचा नंबर दुसरा आला.

विक्रम हे ऐकून उखडला. "पायावर धोंडा पाडून घेतलास! कोण लागते ती तुजी? गप बसली असतीस तर?"

अर्चना उत्तर द्यायच्या आधी नर्मदाआई बोलली. "गप बसायचं काय असतं ते मला इचार. चार दिस मी गप बसले. तोंडात घास फिरत होता. हिला जन्मभर तसं जेवायला लागलं असतं."

 जेवण झाल्यावर विक्रम हात धुऊन पलंगाखाली शिरला आणि माझा 'ळ' शोधून डिंकाने चिकटवून गेला. ह्या वेळीही तिरकाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्चना माझ्यासमोर बसली. सरावाचा उतारा तिने काढला नाही. तिने संस्थेला एक पत्र लिहिलं, परीक्षेच्या कंप्युटरशेजारी भिंतीवर लावण्यासाठी. मी आजवर हजारो ओळी पोचवल्या, पण इतक्या मनापासून एकही पोचवली नव्हती. पडद्यावर चौकट आली तर आधी वाचा, कळली नाही तर विचारा, विचारायची लाज बाळगू नका, असं तिने लिहिलं. कंप्युटर अक्षरं घेत नसेल तर उजवं शिफ्ट आठ सेकंद धरा, असं लिहिलं. मग थोडं थांबून तिने शेवटची ओळ लिहिली. मित्रांनो, माझीही तुमच्याकडे तेवढीच मागणी आहे, म्हणून ती जशीच्या तशी देतो.

'कुणाच्या नावापुढे शून्य लिहिण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसून बघा.'